फर्नेस बदला म्हणे!

मिनेसोटात जानेवारीत उणे 25 सेल्सिअस ही काही बातमी नसते. आमची फर्नेस, म्हणजे गॅसवर हवा तापवून घरभर सोडणारं यंत्र, बंदही पडत नव्हती. पण थर्मोस्टॅट 70 अंश फॅरनहाइटवर लावूनही वरच्या बेडरूममध्ये स्वेटर उतरत नव्हता आणि गॅसचं बिल मात्र चढतच होतं. बघायला आलेल्या मेकॅनिकनं टॉर्च मारून लगेच निकाल दिला: जुनी झाली, बदला, आणि या वेळी मोठी बसवा. कोटेशनचा आकडा पाहून मी आधी चहा टाकला आणि कप घेऊन बेसमेंटमध्ये फर्नेससमोर स्टूलवर जाऊन बसले.

थर्मोस्टॅटनं हाक दिली की आधी धूर बाहेर ढकलणारा छोटा पंखा घुमतो, मग इग्नायटर लालभडक होतो, बर्नर निळे पेटतात आणि थोड्या वेळानं गरम हवा घरभर ढकलणारा मोठा पंखा, म्हणजे ब्लोअर, सुरू होतो. इथवर सगळं ठीक. पण घर गरम व्हायच्या आतच बर्नर विझायचे आणि ब्लोअर नुसता फिरत राहायचा. जरा वेळानं पुन्हा पहिल्यापासून. हे काम लिमिट स्विचचं. आत उष्णता मर्यादेबाहेर साठली की तो बर्नर बंद करतो. म्हणजे उष्णता कमी पडत नव्हती, ती उचलून घरभर नेणारी हवा कमी पडत होती. असं असताना मोठी फर्नेस घेऊन काय होणार होतं?

फर्नेसच्या दाराआड एक पट्टी चिकटवलेली असते. येणाऱ्या आणि जाणाऱ्या हवेच्या तापमानात किती फरक चालतो, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. आमच्याकडे 35 ते 65 अंश फॅरनहाइट. चकलीचं तेल मोजायचा थर्मामीटर आधी खोलीतली हवा फर्नेसकडे नेणाऱ्या परतीच्या जाळीला लावला, मग फर्नेसजवळच्या, गरम हवा सोडणाऱ्या पहिल्या झरोक्याला, म्हणजे व्हेंटला. फरक भरला 74.

मग शोध सुरू. हवेचा फिल्टर एक इंच जाडीचा, मर्व्ह 13. मर्व्हचा आकडा जितका मोठा, तितका फिल्टर बारीक. धूर आणि बारीक कण अडवायला उत्तम, पण आमच्या अरुंद डक्टला, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळीला, तो झेपत नव्हता. ब्लोअर सुरू झाला की मधोमध आत ओढला जायचा आणि कडेनं शिट्टी वाजायची. त्या जागी मर्व्ह 8 घातला, बाण फर्नेसकडे करून. गॅस वाचवायला आधीच्या मालकांनी बेसमेंटचे आणि पाहुण्यांच्या खोलीचे व्हेंट बंद करून ठेवले होते, ते उघडले. परतीच्या जाळीसमोरचा सोफा सरकवला. तळमजल्याकडे जाणाऱ्या डक्टवरच्या डॅम्परची, म्हणजे हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची, दांडी थोडी आडवी करून तिकडची हवा कमी केली, तेव्हा कुठे वरच्या खोलीला हवा पोचू लागली. फरक 60 वर आला आणि बर्नर एका दमात काम संपवू लागले.

सर्व्हिसिंगला मात्र दुसऱ्या, वयस्कर माणसाला बोलावलं. त्यांनी फ्लेम सेन्सरची बारीक कांडी काढून बारीक स्टील वूलनं पुसून दाखवली. तिच्यावर थर साचला की ज्योत पेटलेली असूनही फर्नेस चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला ती कळत नाही आणि गॅस बंद होतो. गॅसचा दाब आणि ज्वलनाची तपासणी त्यांचीच. तिथे मी हात घालत नाही. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म प्रत्येक मजल्यावर आहेतच.

थर्मोस्टॅट रोज आठ तास 7 ते 10 अंश फॅरनहाइटनं कमी ठेवला तर वर्षाच्या खर्चात 10 टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. आम्ही रात्री 62 ठेवतो, पण कडाक्याच्या थंडीत 66. नाहीतर घर पुन्हा तापायला अर्धी सकाळ जाते.

साताऱ्याहून आलेल्या आईची तक्रार वेगळीच होती. "अगं, ऊब आहे गं, पण नाक पार सुकलंय." हवेत ओलावा सोडणाऱ्या ह्युमिडिफायरचं पॅड क्षारानं दगड झालं होतं. बदललं आणि आर्द्रता 35 टक्क्यांवर लावली. फार थंडी पडली की 25 वर आणते, नाहीतर खिडक्यांच्या काचांवर आतून बर्फ धरतो.

आता बर्फ पडला की फावडं आधी ड्राइव्हवेवर नाही, भिंतीतून बाहेर आलेल्या, हवा आत घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या फर्नेसच्या पांढऱ्या पाइपांपाशी चालतं. ते बुजले की फर्नेस बंदच पडते.