शेवट आधी विचारून घेतलेली पुस्तके

गेली काही वर्षे मी दरमहा बाराशे रुपये पुस्तकांसाठी बाजूला काढतो, आणि त्यांतली बहुतेक रक्कम ज्या कादंबऱ्यांवर खर्च होते त्या परभणीच्या दुकानांत मला कधी दिसलेल्या नाहीत. मागितल्या तर कोणी हाकलून देईल असे नव्हे. पण ‘दोन पुरुषांची प्रेमकथा हवी, त्यात शक्यतो जादू हवी आणि शेवट गोड हवा’ ही मागणी स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या थप्पीपलीकडे बसलेल्या दुकानदाराला मोठ्याने सांगण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही. त्यामुळे खरेदी सगळी मोबाइलवरून, पुस्तके सगळी इंग्रजी, आणि हातात घेऊन चाळण्याची सोय नसल्याने पैसे वाया जाण्याची भीती कायम. त्या भीतीतूनच निवडीची एक पद्धत हळूहळू बसत गेली.

पहिली चौकशी मी शेवटाची करतो. याबद्दल माझे वाचक मित्र मला हसतात, कारण शेवट कळला तर वाचायचे कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. श्रावणात आमच्या घरी आई कहाण्या वाचते. आटपाट नगर आले की ऐकणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते की ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ इथेच पोचायचे आहे. तरी गरीब ब्राह्मणाची सून अडचणीत सापडली की शेजारच्या काकूंचा तांदूळ निवडणारा हात थांबतोच. रोमान्स या साहित्यप्रकाराचा करार नेमका हाच आहे. दोघे एकत्र येणार हे वाचकाला आधीच कबूल केलेले असते, आणि लेखकाचे कसब कसे येणार यात लागते. ज्या पुस्तकात हा करार नाही ते वाईट असते असे मी म्हणत नाही. ते रोमान्स नव्हे एवढेच, आणि विकणाऱ्याने ते त्या फळीवर ठेवू नये.

समलिंगी प्रेमकथांच्या बाबतीत हा करार फार उशिरा आणि फार महागात मिळालेला आहे. ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘मॉरिस’ १९१३-१४ मध्ये लिहिली, पण ती छापली गेली १९७१ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने. शेवट सुखाचा असणे अनिवार्य होते, असे त्यांनी पुढे त्या कादंबरीवरील टिपणात नोंदवून ठेवले आहे. दोघांपैकी एकाने गळफास घेतला असता तर पुस्तक छापणे सोपे गेले असते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. हा तपशील कळल्यापासून मला गोड शेवटाची लाज वाटेनाशी झाली.

म्हणून मॅडलिन मिलर यांची ‘द साँग ऑफ अकिलीज’ ही कादंबरी प्रणयकथांच्या यादीत घालून विकली जाते तेव्हा मी सावध होतो. २०११ ची ही कादंबरी, तिला पुढच्याच वर्षी ऑरेंज पारितोषिक मिळाले, आणि भाषा अशी की दोन पाने वाचून थांबावेसे वाटते. पण ट्रॉयच्या युद्धाची कथा ज्याला ठाऊक आहे त्याला अकिलीजचा प्रियकर पट्रोक्लस शेवटी वाचत नाही हेही ठाऊक असणार. मी ती घेतली, जपून ठेवली आहे, आणि थकल्या दिवशी ती कधीही उघडत नाही. मराठीतल्या सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’विषयीही तेच सांगेन. घरी भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघे जीव लावतात, आणि तो निघून जातो. २००६ ची ही कादंबरी प्रत्येकाने वाचावी. मात्र सुफळ संपूर्ण मागायला तिच्याकडे जाऊ नये.

दुसरी चौकशी जादूची. कथेतली जादू काढून घेतली तर कथा उभी राहते का, हे मी पाहतो, आणि उभी राहत असेल तर लेखकाला फँटसी नव्हे, फक्त तलवारी आणि झगे हवे होते असे समजतो. या नियमाला एक अपवाद मी आनंदाने केला. एलन कुशनर यांच्या १९८७ च्या ‘स्वोर्ड्सपॉइंट’ या कादंबरीत जादूचा मागमूसही नाही. एक काल्पनिक शहर आहे, सरदारांची भांडणे पैसे घेऊन तलवारीने निकाली काढणारा एक तरुण आहे, आणि त्याच्या खोलीत राहणारा, जिभेने तलवारीपेक्षा जास्त जखमा करणारा त्याचा सोबती आहे. त्या शहरात या दोघांच्या नात्याचे कोणाला काही वाटत नाही. जादू न वापरता फँटसी कशी लिहावी याचे ते उत्तम उदाहरण आहे. (जादूच्या गोष्टी आपल्याकडच्या नव्हेत, असे म्हणणाऱ्यांना मी पैठणची आठवण करून देतो. तिथल्या सातवाहन राजाच्या दरबारातला गुणाढ्य म्हणजे बृहत्कथेचा कर्ता; सात लाख श्लोकांचा ग्रंथ राजाने नाकारला तेव्हा तो रानात बसून पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवत ते आगीत टाकत गेला, अशी कथा आहे. रानातले प्राणी चरायचे सोडून ऐकत बसल्याने वाळले आणि राजाच्या ताटातले मांस सुकले. चांगल्या कथेच्या परिणामाचे याहून नेमके वर्णन मी अन्यत्र वाचलेले नाही.)

टीजे क्लून यांची २०२० ची ‘द हाउस इन द सेरुलियन सी’ मी केवळ नायकाच्या नोकरीमुळे घेतली. लायनस बेकर हा चाळिशीचा, पोट सुटलेला, जादुई मुलांच्या अनाथालयांची तपासणी करून अहवाल देणारा सरकारी कर्मचारी आहे, आणि नियमांचे जाडजूड पुस्तक तो सदैव बरोबर बाळगतो. मी स्वतः अर्धे आयुष्य आवक-जावक नोंदवहीवर घालवलेले असल्याने, या प्रकारातल्या कथेचा नायक माझ्या टेबलावरचा कोणी असू शकतो याचेच मला अप्रूप वाटले. प्रेम त्यात चिमूटभर आहे, मुलेच भरपूर आहेत. ज्यांना शृंगार हवा त्यांनी दुसरीकडे पाहावे.

विज्ञानकथेची असूनही एव्हरिना मॅक्सवेल यांची ‘विंटर्स ऑर्बिट’ मी फँटसीच्या पैशांतून घेतली. तीत साम्राज्याच्या राजकीय सोयीसाठी दोन पुरुषांचे लग्न चक्क ठरवून लावले जाते. लग्नातले दोघेही पुरुष आहेत याबद्दल त्या विश्वात कोणी भुवईही उंचावत नाही. अवघड काय ते एवढेच की दोघांपैकी एकाचा पहिला जोडीदार वारून जेमतेम महिना झालेला असतो. सुतक, वर्षश्राद्ध आणि लोक काय म्हणतील या वातावरणात वाढलेल्या वाचकाला ही घाई मुळीच परकी वाटत नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने आपल्याकडे प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले, पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. अशा वेळी, ठरवून झालेल्या लग्नातले दोन संकोची पुरुष एका खोलीत कोण कुठे झोपणार यावर अडखळत बोलतात तो प्रसंग मी तीनदा वाचला, हे कबूल करायला हरकत नाही.

मालिकांच्या बाबतीत मी कंजूष आहे. सी. एस. पकाट यांची ‘कॅप्टिव्ह प्रिन्स’ ही तीन भागांची कथा आधी इंटरनेटवर हप्त्याहप्त्याने आली, आणि २०१५ पासून मोठ्या प्रकाशकाने ती काढली. पहिला भाग मध्येच सोडल्यासारखा थांबतो, म्हणून घ्यायचे तर तिन्ही घ्यावे लागतात. शिवाय त्यात गुलामी आणि लैंगिक हिंसा आहे, हे आधी कळलेले बरे. चिनी कादंबऱ्यांचे गणित आणखी अवघड आहे. मो श्यांग तोंग श्यू यांच्या ‘हेवन ऑफिशियल्स ब्लेसिंग’चे इंग्रजी भाषांतर आठ खंडांचे आहे, म्हणजे माझ्या हिशेबाने निम्म्या वर्षाचे पैसे. पहिला खंड आवडला. पुढचे पैसे साठवतो आहे.

वाचकांचे अभिप्राय पाहताना मी तीन तारे देणाऱ्यांकडे वळतो आणि त्यांची तक्रार कशाची आहे ते वाचतो. ‘फार संथ आहे, दोघे अर्ध्या पुस्तकापर्यंत हातही धरत नाहीत’ असे कोणी लिहिले असेल तर माझ्या दृष्टीने ती शिफारसच असते. त्यानंतर ई-पुस्तकाचा फुकट मिळणारा सुरुवातीचा भाग वाचायचा, आणि संवाद कानाला खरे वाटले तरच पुढे जायचे.

स्वस्ताच्या मोहाने एकदा फसलो तेही सांगतो. निम्म्या किमतीत मिळालेली एक प्रत उघडली तेव्हा शाई करडी, कागद फुंकरीने उडेल असा, आणि दोघे एकमेकांना मनातले सांगणार त्या ठिकाणी एक फर्मा (एकत्र छापून दुमडलेल्या सोळा पानांची जुडी) दोनदा बांधलेला, पुढचा गायब. सोळा पाने मी आधी वाचलेलीच पुन्हा वाचली आणि त्यानंतर थेट त्यांचे भांडण लागले. तेव्हापासून चोरटी प्रत घेत नाही. लेखकाचे पैसे बुडतात हे कारण आधीच पुरेसे असायला हवे होते, पण खरे कारण तो फर्मा आहे.

कागदी पुस्तक की ई-पुस्तक, हा प्रश्न आमच्यासारख्यांसाठी केवळ सोयीचा नसतो. पार्सल मी कार्यालयात असताना येते आणि घरातले वडीलधारे अण्णा ते अडकित्त्याच्या टोकाने उघडतात. एकदा मुखपृष्ठावर एक तलवारधारी तरुण आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला दुसरा, असे चित्र होते. अण्णांनी चष्मा लावून ते उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, “कादंबरी दिसायली. ऐतिहासिक हाय का?” मी म्हणालो, “हो अण्णा, राजेरजवाड्यांची आहे.” त्यांनी पुस्तक कपाटात, त्यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांच्या रांगेत, नेटके लावून ठेवले. अजून ते तिथेच आहे. अधूनमधून ते विचारतात, “पुढचा भाग आला का रं?” त्यामुळे मुखपृष्ठ फारच बोलके असेल तर मी ई-पुस्तक घेतो, अन्यथा कागदीच.

या महिन्यात फ्रेया मार्स्क यांची ‘अ मार्व्हलस लाइट’ मागवली आहे. तिन्ही भाग प्रसिद्ध झालेले आहेत आणि प्रत्येक भागात जोडपे वेगळे असल्याने एकावर थांबता येते. शेवट गोड आहे याची खात्री करून घेतली आहे. तसेच तिचा नायक एका कारकुनी चुकीमुळे जादूच्या खात्यात नेमला जातो, आणि अशा चुका कशा होतात हे मला चांगले माहीत आहे. पार्सल गुरुवारी येईल असे दाखवते आहे. मुखपृष्ठ चालण्यासारखे आहे.