ब्लॉकसाठी चार चकरा

आईच्या अंडाशयातली गाठ डर्मॉइडची, म्हणजे साधी, असं आम्ही आठ वर्षं ऐकत होतो. केस, चरबी, कधी दातही निघतात ती गाठ. १४ सेंटिमीटरची झाली तेव्हा जळगावला ऑपरेशन झालं. दहाव्या दिवशी रिपोर्ट आला: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर. अशा गाठीच्या आत त्वचेसारखं अस्तर असतं, तेच बिघडतं. शंभरात एक-दोघींना होतं, बहुधा पंचेचाळिशीनंतर. आई ५८ ची.

परळच्या टाटा हॉस्पिटलला दाखवायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, नुसता रिपोर्ट नको, स्लाइड आणि ब्लॉक न्या. स्लाइड म्हणजे गाठीचा पातळ काप लावलेली काचपट्टी, ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. तो लॅबमधून सोडवायला मला अमळनेरहून चार चकरा पडल्या.

पहिल्यांदा म्हणाले, "रिपोर्ट दिला ना, ब्लॉक कशाला?" दुसऱ्यांदा, अर्ज आणा. अर्ज नेला तर सर बाहेरगावी, सही कोण करणार? त्या दिवशी मी काउंटरवर मोठ्याने बोललो, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. आई घरी विचारायची, "गाठ ते काढी टाकी, आते कसाले फिरस?" तिला काय सांगणार होतो! चौथ्या दिवशी सकाळी नऊलाच जाऊन बसलो. पेशंटचं आधार, पावती, डॉक्टरांची चिठ्ठी, अर्जाच्या दोन प्रती, एकीवर पोच. दुपारी दीडला सहा ब्लॉक हातात आले. बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या डब्या, कडेला पेन्सिलने नंबर, आत पांढरट ठिपका. त्या ठिपक्यावर आईचं सगळं ठरणार होतं. नंबर रिपोर्टशी तिथेच ताडून घ्या, मी घेतले.

एप्रिलचं आपल्याकडचं ऊन माहीत आहे. मेण मऊ पडू नये म्हणून कापूस घालून स्टीलच्या डब्यात ठेवले आणि रात्रीच्या गाडीने नेले.

तिथेही निदान तेच आलं, पण आजार अंडाशयाबाहेर गेलेला नव्हता. हे ऐकून मी बाकावर बसूनच राहिलो.

एक राहिलंच, खरं तर हे आधी सांगायला हवं होतं: गाठ मोठी आणि वय जास्त असेल तर ऑपरेशनआधीच एससीसी अँटिजेनच्या (याच प्रकारच्या कॅन्सरची शंका तपासणाऱ्या) रक्ततपासणीबद्दल विचारा, आणि गाठ न फुटता काढणार का तेही. आणि काम झालं की ब्लॉक परत मागून घ्या, पुढे कधीही लागतात.