दोन सरळ काठ्या जोडल्या आणि क्यू वाकडा झाला

पूलच्या क्यूचा बट, म्हणजे मागचा जाड अर्धा भाग, एकटा टेबलवर लोळवला तर सरळ. शाफ्ट, म्हणजे पुढचा निमुळता अर्धा भाग, एकटा लोळवला तर तोही सरळ. आणि दोन्ही जोडून लोळवले की टिप (बॉलला लागतं ते टोक) नुसती वर-खाली नाचतेय, टिपखालून दिसणारा उजेड कमी-जास्त होतोय. तीन-चार महिने माझे लांबचे शॉट थोडेथोडे चुकत होते आणि मी बिनधास्त स्ट्रोकला शिव्या घालत होतो, मग टिप बदलली, मग स्टान्स बदलला, पण क्यू असा तुकड्या-तुकड्याने तपासायचं डोक्यातच आलं नाही कारण कस्टम क्यू आहे ना, तो कशाला चुकेल.

मग साहजिकच जॉइंटवर, म्हणजे दोन तुकडे जुळतात त्या जागेवर, संशय गेला आणि जॉइंट म्हणजे ज्याने बनवला तो. मी तणतणत क्यू घेऊन काकांकडे गेलो (क्यू बनवणारे, वयाने मोठे, आम्ही सगळे काकाच म्हणतो). त्यांनी काही न बोलता पहिलं काम काय केलं तर माझा दुसरा शाफ्ट मागितला. कस्टम क्यूबरोबर बहुतेक वेळा दोन शाफ्ट येतात, माझा दुसरा केसमधून फारसा बाहेरच आला नव्हता. तो त्याच बटला लावला, लोळवला, एकदम चकाचक. म्हणजे बट निर्दोष, पिन (बटमधून बाहेर आलेला आट्यांचा स्क्रू) निर्दोष, गडबड पहिल्या शाफ्टची. दोन मिनिटांत निकाल, आणि मी तीन महिने यूट्यूब बघत बसलेलो.

मग त्यांनी पहिल्या शाफ्टच्या फेसवर, म्हणजे बटला जाऊन भिडतो त्या सपाट गोलावर, स्केचपेनने रंग भरला, शाफ्ट हलकाच बसवला, परत काढला. रंग फक्त अर्ध्या बाजूचा पुसला गेला होता. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "फेसला सँडपेपर लावलास का रे?"

लावला होता. फेसवर चॉकचा आणि घामाचा काळा थर बसला होता म्हणून मी एकदम बारीक सँडपेपर घेऊन अंगठ्याने दाबून छान स्वच्छ केला होता, आणि वर मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं. अंगठ्याचा दाब कधी सगळीकडे सारखा पडतो का? एका बाजूने किंचित जास्त घासलं गेलं. झालं.

आता "किंचित" म्हणजे किती ते बघा, कारण मला हे गणित कळलं तेव्हा खरंच धसका बसला. नेहमीचा पूल क्यू साधारण ५८ इंचाचा, २९ चा बट आणि २९ चा शाफ्ट. जॉइंटचा व्यास साधारण ०.८५ इंच. म्हणजे शाफ्टची लांबी त्या फेसच्या ३४ पट. फेस एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत इंचाचा फक्त एक हजारांश भाग तिरका असेल, म्हणजे ०.०२५ मिमी, केसापेक्षाही कमी, तर टिपशी तो फरक ३४ पट होऊन जवळजवळ ०.८७ मिमी होतो. आणि क्यू लोळवताना टिप गोल फिरते म्हणून डोळ्याला दिसतो त्याच्या दुप्पट, पावणेदोन मिमी. ज्या टिपचा व्यासच १३ मिमीच्या आसपास असतो तिथे हे. मी अंगठ्याने किती घासलं असेल देव जाणे.

स्नूकरवाल्यांना कदाचित हे एवढं जाणवत नसेल, त्यांच्यात थ्री-क्वार्टर क्यू असतो, जॉइंट पार मागे बटकडे. (त्यात पुढच्या लांब तुकड्यामुळे गुणाकार अजून वाढतो असं लिहिता लिहिता लक्षात आलं, म्हणजे त्यांनीही सँडपेपरपासून लांबच राहावं.)

मी म्हटलं, पण पिन तर घट्ट बसते ना, ती सरळ नाही का करणार? त्यावर काका म्हणाले, "पिन फक्त ओढते. बसायचं काम फेसचं." हे वाक्य मला तीन महिन्यांपूर्वी कोणी ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. पिनचे आटे दोन तुकड्यांना एकमेकांकडे खेचतात, पण खेचून झाल्यावर कोण कुठल्या कोनात बसणार हे दोन सपाट फेस ठरवतात. फेस तिरका असेल आणि तुम्ही जोर लावून आवळलंत तर एका बाजूची फट मिटल्यासारखी दिसते, पण पिनवर ताण येतो, कॉलरवर (जॉइंटभोवतीच्या कड्यावर) ताण येतो, आणि क्यू वाकडा तो वाकडाच. चांगला बसलेला जॉइंट हाताला कळतो. शाफ्ट फिरत फिरत येतो, कुठेही अडकत नाही, डुगडुगत नाही, आणि मग एकदम थांबतो. भिंतीला टेकल्यासारखा. माझा शाफ्ट शेवटचा पाव फेरा हळूहळू जड होत जायचा आणि मला वाटायचं वा, काय घट्ट फिट आहे!

हे सगळं फ्लॅट-फेस जॉइंटचं झालं, माझा तसलाच आहे, ३/८-१० पिन, म्हणजे पिनचा व्यास ३/८ इंच आणि इंचाला १० आटे. दुसरा प्रकार ५/१६-१४ चा स्टीलचा पायलटेड जॉइंट, त्यात शाफ्टमधून पितळेचा एक छोटा गळा बाहेर आलेला असतो आणि तो बटच्या स्टील कॉलरच्या खाचेत जाऊन बसतो, त्यामुळे तिथे मध्यावर आणायचं काम पायलट करतो आणि त्याचं माप चुकलं तर सगळंच चुकतं. पायलट सैल असेल तर काय अर्थ, मग तो नुसता दागिना. जॉर्ज बलबुश्का (१९१२-१९७५), ज्यांचे क्यू आज लोक तिजोरीत ठेवतात, ते या स्टीलच्या पायलटेड जॉइंटसाठीही ओळखले जातात, आणि गंमत म्हणजे त्यांनी सुरुवातीचे बरेच क्यू ब्रन्सविकच्या टायटलिस्ट क्यूंचं लाकूड घेऊन बनवले होते, म्हणजे क्लबच्या रॅकमध्ये उभे असतात तसले साधे क्यू. लाकूड तयारच होतं, नाव झालं ते त्यांच्या हातामुळे.

जॉइंट स्टीलचा भारी की फिनॉलिकचा (एक कडक प्लास्टिक) की लाकडावर लाकूड, या भांडणात मी पूर्वी तावातावाने पडायचो. आता नाही. टिप आणि बॉलचा संपर्क जेमतेम एक-दोन मिलिसेकंदांचा असतो, आणि साइड (बॉलला बाजूला मारून दिलेली फिरकी) लावल्यावर बॉल जो बाजूला सरकतो तो मुख्यतः शाफ्टच्या टिपकडच्या काही इंचांच्या वजनामुळे, जॉइंट तिथून दोन फूट मागे असतो. हाताला लागणारा फील आणि आवाज वेगळा असतो हे खरं, आणि ज्याला स्टीलचा फील आवडतो त्याने जरूर घ्यावा. पण वाकडं बसलेलं स्टील आणि वाकडं बसलेलं लाकूड दोन्ही सारखेच वाकडे.

अजून एक, मी जाताना "जॉइंटमधून बारीक झुणझुण पण येते" अशी तक्रार नेली होती. ती जॉइंटची नव्हतीच. बटच्या तळाशी वजनाचा बोल्ट असतो तो ढिला झाला होता. काका म्हणाले, झुणझुण आली की लोक आधी मधला जॉइंट बघतात, आणि निघते ती बोल्टची नाहीतर फेरूलची (टिपखालच्या पांढऱ्या टोपणाची) नाहीतर हँडलच्या वरच्या आतल्या सांध्याची, जो रिंगखाली लपलेला असतो आणि उघडता येत नाही. माझं बोल्टवर भागलं, नशीब.

दुरुस्ती म्हणाल तर शाफ्ट लेथवर लावून फेसवरून अगदी हलका एक कट घेतला, बटला हातही लावला नाही, कारण बटचा फेस बदलला तर चांगला असलेला दुसरा शाफ्टही बिघडायचा. साधारण एक दशांश मिमी गेलं असेल. आता गंमत बघा, इंचाला १० आटे म्हणजे एका फेऱ्याला २.५४ मिमी, त्यामुळे ०.१ मिमी कमी झालं की शाफ्ट थांबायच्या आधी जवळजवळ १४ अंश जास्त फिरतो. मी बटवर आणि शाफ्टवर एकेक बारीक खूण करून ठेवली होती, नेहमी समोरासमोर यायची. आता येत नाही. रोज जोडताना दिसतं आणि रोज सँडपेपर आठवतो. आता फेस फक्त सुक्या फडक्याने पुसतो आणि क्यू सुटा असला की जॉइंट प्रोटेक्टर (जॉइंटवर बसणारी टोपणं) लावतो, जे आधी मला शोभेचे वाटायचे.

नखाने जॉइंटवरून फिरवून बघायची सवय मात्र सोडून दिली. दमट हवेत मेपल आडवं फुगतं, फिनॉलिकची कॉलर जवळजवळ तशीच राहते, त्यामुळे एखाद्या महिन्यात नखाला पायरी लागते आणि हवा कोरडी झाली की गायब. आधी मी त्यावरूनही बोंब मारली असती, आणि कदाचित परत सँडपेपर काढला असता.

तिसरा शाफ्ट सांगून ठेवलाय. त्यासाठी काकांनी बट ठेवून घेतला होता दोन दिवस, नुसतं "३/८-१०" सांगून भागत नाही म्हणे, तीच पिन म्हणून दुसऱ्याचा शाफ्ट आट्यांत बसेल पण कडा जुळतीलच असं नाही, बटवरच्या पॉलिशच्या थराची जाडीसुद्धा मोजावी लागते. शाफ्ट एका दमात बारीक करत नाहीत, थोडं लाकूड काढायचं, आठवडेन्‌आठवडे टांगून ठेवायचं, त्यात वाकायचं असेल ते वाकू द्यायचं, मग परत थोडं काढायचं. परवा फोन करून विचारलं, "काका, झाला का?"

"अजून हलतोय," म्हणाले, आणि फोन ठेवला.