चांगल्या डोळ्याचा ईआरजी

पावसाळ्यात ठाण्यात डोळ्यांची साथ येते ती बहुधा अ‍ॅडिनोव्हायरसची. त्यात डोळ्याचा पडदा (रेटिना) शाबूत असतो, ईआरजीची, म्हणजे प्रकाशाला पडदा देतो त्या विजेच्या प्रतिसादाच्या आलेखाची (इलेक्ट्रोरेटिनोग्राम), गरज नसते. इथे विषय आहे अ‍ॅक्युट रेटायनल नेक्रोसिसचा. नागीण किंवा हर्पिस सिम्प्लेक्सचा विषाणू थेट पडद्यात शिरतो आणि कडेकडेने पडदा मरत जातो. उपचार झाले नाहीत तर साधारण एक तृतीयांश पेशंटांचा दुसरा डोळाही तावडीत सापडतो, बहुतेकदा पहिल्या 6 आठवड्यांत. म्हणून आज 6/6 वाचणाऱ्या डोळ्याचाही आलेख काढून ठेवायचा.

मात्र फुल-फील्ड ईआरजी (सगळ्या पडद्यावर एकदम फ्लॅश टाकून काढलेला) ही सगळ्या पडद्याची गोळाबेरीज असते. कडेला दोन पांढुरके ठिपके उमटले तरी आलेख नॉर्मल येतो. बाहुली मोठी करून, इनडायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोपने (डोक्यावर लावायच्या दुर्बिणीने) स्क्लेरा, म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग, दाबत अगदी टोकापर्यंत पाहण्याला पर्याय नाही. ‘ईआरजी नॉर्मल, घरी जा’ हे वाक्य या आजारात धोक्याचं.

पडद्याचे फोटो आधी काढले असतील तर साध्या उजेडात अर्धा तास जाऊ द्या. मग बाहुली मोठी करणारे ड्रॉप्स घालून 20 मिनिटं मिट्ट काळोख. घोडबंदर रोडवरून भर दुपारी, उन्हातून आलेला पेशंट थेट काळोखात बसवू नका. नातेवाइकाच्या मोबाइलचा एक झगझगाट पुरतो, 20 मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. इलेक्ट्रोड मंद लाल दिव्यात लावायचे. क्रम असा: 0.01 चा मंद फ्लॅश, मग 3, मग 10 (एकक कॅन्डेला-सेकंद प्रति चौरस मीटर). नंतर 10 मिनिटं उजेडात बसवून सिंगल फ्लॅश आणि 30 हर्ट्झ फ्लिकर (सेकंदाला 30 वेळा लुकलुकणारा प्रकाश).

दमट हवेत घामाने स्किन इलेक्ट्रोड सुटतात. कातडी नीट घासून पुसा, इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) 5 किलोओहमच्या आत आणा. रेषेवर 50 हर्ट्झची बारीक कंपनं दिसली तर आधी अर्थिंग तपासा, मग खुर्चीजवळचा एक्स्टेन्शन बोर्ड. बी-वेव्ह (नंतरची वर जाणारी लाट) मोजायची ती ए-वेव्हच्या (आधीच्या खाली जाणाऱ्या लाटेच्या) तळापासून. शून्य रेषेपासून मोजली की आकडा उगाच कमी येतो. ही चूक रिपोर्टांत फार दिसते.

चांगल्या डोळ्याची तुलना आजारी डोळ्याशी करू नये. आजारी डोळ्याची बाहुली चिकटलेली, आतलं द्रव गढूळ, त्यामुळे पडद्यावर प्रकाशच कमी पोचतो. पुढे ऑपरेशनमध्ये डोळ्यात सिलिकॉन ऑइल भरलं की ते वीजरोधक, लाटा आणखी चपट्या. तुलना हवी ती लॅबच्या वयानुसार नॉर्मलशी आणि त्याच डोळ्याच्या जुन्या आलेखाशी. तीही इलेक्ट्रोड त्याच प्रकारचा, त्याच जागी असेल तरच. पापणीखाली लावलेल्या स्किन इलेक्ट्रोडची उंची कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यापेक्षा कितीतरी कमी येते. फ्लिकरचं शिखर उशिरा सरकलंय का तेही बघा. तो आकडा इलेक्ट्रोडच्या जागेने कमी बिघडतो.

इंजेक्शन नुकतंच दिलेल्या डोळ्यावर लेन्स-इलेक्ट्रोड नको. आणि चांगल्या डोळ्याला नेहमी वेगळा, निर्जंतुक संच.

अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध या तपासणीसाठी अडवून ठेवायचं नाही. शिरेतून दर 8 तासांनी किलोमागे 10 मिलिग्रॅम, तासभर सावकाश, भरपूर पाण्यासोबत. घाईत दिलं तर मूत्रपिंडात औषधाचे स्फटिक साचतात, म्हणून क्रिएटिनिनवर (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीवर) नजर. नंतरच्या गोळ्या काही आठवडे चालतात, आणि त्या दुसऱ्या डोळ्यासाठीच असतात हे पेशंटला स्पष्ट सांगा. बरं वाटलं की गोळ्या बंद करणारे बरेच.

घरी रोज सकाळी आजारी डोळा झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयातले आकडे वाचायला सांगा. नवे काळे ठिपके तरंगले, किंवा कालचा आकडा आज धूसर झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यायचं.