चिंचेची वाटी

रविवारी दुपारी आमटीसाठी चिंच कोळत असताना मेजावर काढून ठेवलेल्या ब्राँझच्या नाण्याकडे लक्ष गेले आणि मी वाटी लगबगीने दूर सरकवली. अठराशे वर्षे टिकलेल्या वस्तूला आमटीची कसली भीती, असे म्हणून घरची माणसे हसली. परंतु मातीत राहून नाण्यावर जे हिरवट-काळे पुट चढते, पुष्कळदा त्यातच अक्षरे उरलेली असतात. आंबटाने ते गेले की खाली लालसर, खडबडीत धातू तेवढा शिल्लक राहतो.

हे मला आजीमुळे कळले. आमच्या देव्हाऱ्यात टाकांशेजारी दोन शिवराया पूजेत होत्या, आणि आजी त्या दर सणाला चिंच व राख लावून लख्ख घाशी. माझ्या लहानपणी एकीवरच्या ‘श्री राजा शिव’मधला ‘राजा’ तेवढा लागत असे. पाठीवरचे ‘छत्रपति’ पार गुळगुळीत झाले होते. मी तक्रार केली, तेव्हा ‘देव पारोसे ठेवायचे का?’ असे विचारून तिने मलाच घासायला बसवले.

मेजावरचे नाणे रोमन साम्राज्यातल्या, आजच्या तुर्कस्तानातील स्ट्रॅटोनिकिया या नगरीचे. खुद्द रोममध्ये पाडलेली नाणी मला सरकारी परिपत्रकासारखी वाटतात. प्रांतातली गावे मात्र एका बाजूला सम्राटाला बसवून दुसरी बाजू आपल्या देवांसाठी राखतात. इथे पाठीवर मशाल घेतलेली हेकाटी देवी आहे. दर्शनी बाजूवर समोरासमोर दोघे भाऊ होते, रोमन सम्राट कॅराकॅला आणि धाकटा गेटा. इ.स. 211च्या डिसेंबरात कॅराकॅलाने धाकट्याला आईच्या कुशीत असताना मारवले आणि त्याचे नाव व मुख सर्वत्र पुसले जाऊ लागले. शिलालेखावर छिन्नी चालवणे मी समजू शकतो. पण स्ट्रॅटोनिकियात कोणीतरी वापरातले नाणे हाती घेऊन गेटाचा चेहरा तेवढा खरवडला, वर एक शिक्का ठोकला आणि नाणे पुन्हा बाजारात सोडले, कारण ब्राँझ वाया घालवण्याइतका राग कोणालाच परवडत नसावा.

कॅराकॅला अजून समोरच्या खड्ड्याकडे टक लावून पाहतो आहे. खड्ड्यात थोडी माती आहे. लाकडी काडीने ती सहज निघेल. काडी वर्षभर नाण्याशेजारीच पडून आहे.