तुम्ही विचारलंत म्हणून : प्रत्येक कामाला फॉर्म कशाला?

‘माणसांवर विश्वास नाही का तुमचा?’ मी कारखान्यात कार्यपद्धती लिहितो हे कळलं की हा प्रश्न येतोच. प्रत्येक कामाला एसओपी (म्हणजे कामाची ठरलेली लेखी पद्धत), चेकलिस्ट, सही कशाला, म्हणे. विश्वास आहे हो! पण पाळी बदलताना निम्मं तोंडी सांगितलं जातं आणि निम्मं राहून जातं, तिथे विश्वास काय करणार?

उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर ६ जुलै १९८८ रोजी एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. रात्रपाळीला ते ठाऊक नव्हतं. त्यांनी पंप सुरू केला, वायू गळून स्फोट झाला. १६७ माणसं गेली. हे मी सगळ्यांना ऐकवतो. परमिटची, म्हणजे अशा कामाला लेखी परवानगी घेण्याची पद्धत तिथे होतीच, हे मात्र सहसा सांगत नाही.

एका यंत्राचं तापमान दर तासाला नोंदवायचा तक्ता मीच केलेला. एकदा सकाळी दहाच्या सुमारास शेडमध्ये गेलो, तर दुपारी दोनपर्यंतचे आकडे भरून तयार. तेही एखादा अंश कमी, एखादा जास्त, खरे वाटावेत असे! तक्ता ऑपरेटरसमोर धरला. तो ओशाळला नाही. हात पुसत म्हणाला, “साहेब, बेअरिंगचा आवाज बदललाय. सकाळपासून कान तिकडेच आहे. आवाजाला तुमच्या तक्त्यात रकाना कुठाय?”

मी त्याला मेमो दिला. आकडे खोटे होते, आजही देईन. दुपारी बेअरिंग उघडलं तर आतल्या गोळ्यांवर खड्डे पडलेले.

अॅडलर आणि बोरिस या अभ्यासकांनी १९९६ साली लेखी नियमांचे दोन प्रकार मांडले : काम करणाऱ्याला हात देणारे आणि त्याला जखडणारे. पटतं. पण माझा तक्ता कुठला? नवख्याला तो आधार, जुन्याला जाच, आणि कागद तोच.

नोकरीच्या सुरुवातीला मीच म्हणायचो, चांगल्या माणसाला कागद लागत नाही. बरं, चांगला माणूस रजेवर गेला की? त्या वेळच्या माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. पण ऑपरेटरच्या प्रश्नाला आजच्या माझ्याकडे तरी कुठे आहे? तक्त्यात ‘आवाज / शेरा’ असा रकाना वाढवला. त्यात हल्ली तिन्ही पाळ्यांत ‘ठीक’ लिहिलेलं असतं. काढावा की ठेवावा, माझं ठरत नाही.