वाईच्या गोठ्यातली १९३७ ची शेवरोले

अण्णामामांचा फोन आला तेव्हा भंगारवाला अंगणात उभा होता. "अगं, किलोच्या भावाने मागतोय. देऊन टाकू का?" मी म्हटलं, "मामा, दोन दिवस थांबा, मी येते. तोवर गाडीला कुणाला हात लावू देऊ नका. धुऊसुद्धा नका."

ही गाडी माझ्या आजोबांची, आईच्या वडिलांची. वाईत त्यांचा हळदीचा व्यापार होता. आम्हा मुलांना ती फक्त 'गोठ्यातली मोटार' म्हणून माहीत, कोंबड्या बसायच्या तिच्यात. आता मी पुण्यात एका जाणत्या मिस्त्रींकडे जुन्या गाड्यांची कामं शिकते. त्यांनाच बरोबर घेतलं आणि डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे निघालो. खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला वळलं की वाई जवळच. अशा कामाला पावसाळ्यात जाऊ नका. पत्रा ओला असतो, गोठ्यात साप असतात आणि गंज किती खोल गेलाय ते कळत नाही.

बरोबर बॅटरी, लोहचुंबक, मोजपट्टी, दातांचा जुना ब्रश, रॉकेल, चिंध्या, पांढरे कागद आणि मऊ पेन्सिल घ्या. पॉलिश पेपर आणि वायरब्रश घरीच ठेवा. इंजिनावर ठोकलेल्या नंबरावरून वायरब्रश फिरला की पुसट झालेला आकडा कायमचा जातो.

मामा म्हणाले, "चौतीसची आहे. वडील सांगायचे." गावातल्या एकाने फोर्ड असल्याचं छातीठोकपणे सांगितलं. चाकाच्या टोपीवरची माती बोटाने पुसली तर खाली शेवरोलेचं 'बो-टाय' चिन्ह दिसलं, म्हणजे कंपनीचा प्रश्न तिथेच मिटला. खरी मेहनत सालाची होती. साल चुकलं की किंमत चुकते, सुटे भाग चुकतात आणि पुढे कागदही अडतात.

मिस्त्री आधी पाठीवर झोपून गाडीखाली गेले. ब्रेकला सळ्या नव्हत्या, तेलाच्या नळ्या होत्या. शेवरोलेला हायड्रॉलिक ब्रेक १९३६ च्या मॉडेलपासून आले, त्यामुळे चौतीस साल बाद झालं. मग पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर मोजलं, ते एकशे सव्वाबारा इंच भरलं. १९३६ च्या स्टँडर्डचं १०९ आणि मास्टर डिलक्सचं ११३ इंच असतं, १९३७ च्या गाड्यांचं बरोबर ११२.२५. पुढे सरळ एक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या, म्हणजे ही साधी मास्टर. मास्टर डिलक्सला पुढच्या चाकांना स्वतंत्र स्प्रिंगांचं 'नी अ‍ॅक्शन' असतं.

मला सर्वांत जास्त धास्ती वाळवीची होती. १९३७ च्या आधीच्या शेवरोलेच्या बॉडीला आत लाकडी सांगाडा असे. आपल्याकडच्या अशा कितीतरी गाड्या वरून धडधाकट दिसतात आणि दार उघडलं की बिजागरीसकट हातात येतात. १९३७ पासून फिशरने, म्हणजे जनरल मोटर्सच्या बॉडी बनवणाऱ्या विभागाने, शेवरोलेला पूर्ण पोलादी बॉडी दिली. आम्ही दारांचे खांब नखाने आणि चुंबकाने इंचाइंचाने तपासले. तळाचा पत्रा दोन ठिकाणी गेला होता, पण खांब खणखणीत वाजले. तो आवाज ऐकून मिस्त्री गोठ्यातच टेकून बसले आणि त्यांनी चहा मागितला.

चहानंतर इंजिन. सहा सिलिंडर, २१६.५ घनइंच, आपल्या हिशेबात साडेतीन लिटरच्या किंचित वर. १९३७ ला हे इंजिन नवं आलं. उजव्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरजवळ, एका सपाट जागेवर इंजिन नंबर ठोकलेला असतो. तिथे ऐंशी वर्षांचं ग्रीस आणि हळदीच्या धुळीचा थर होता. रॉकेलची चिंधी अर्धा तास ठेवली, ब्रश हलकेच फिरवला, कागद धरून पेन्सिल आडवी चालवली. एकेक आकडा पांढरा होऊन वर आला. आरटीओत चेसिसचा असाच छाप लागतो, तेव्हा हे करतानाच तीन प्रती काढून ठेवा.

ब्लॉकच्या अंगावर ओतकामाची तारीखही असते, एक अक्षर आणि आकडे. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, या क्रमाने महिना, मग दिवस, शेवटी सालाचा फक्त एकच आकडा. आमच्या ब्लॉकवर होतं 'सी १७ ७', सतरा मार्च, सात साल. इथे घाई करू नका. हे २१६ इंजिन पुढे पन्नाशीच्या दशकापर्यंत बनत राहिलं, त्यामुळे तो सात १९३७ चा असू शकतो, तसा १९४७ चाही. युद्धानंतर कुणी इंजिन बदललं असेल तर गाडी एक आणि इंजिन दुसरंच निघतं.

निकाल कागदावर होता. माजघरात सातबारे ठेवायची पत्र्याची पेटी होती, तिच्या तळाशी कापडी बांधणीचं नोंदणीपुस्तक सापडलं. पहिली नोंदणी १९३८ ची आणि इंजिन नंबर आमच्या छापाशी आकड्याला आकडा जुळणारा. मामांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि तो नंबर मोठ्याने वाचला. १९३७ चं मॉडेल १९३८ ला नोंदलं जाणं त्या काळात नवलाचं नव्हतं. जनरल मोटर्सने १९२८ ला मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. सुटे भाग बोटीने येत, इथे जोडले जात, मग विक्रेत्याकडे पडून राहत. म्हणून नोंदणीच्या सालाला बनावटीचं साल समजू नका.

मागच्या बंपरशेजारी लोखंडी पट्ट्यांचे दोन तुकडे जोडलेले होते. मी ते काढायला निघाले होते, मामांनी थांबवलं. युद्धात पेट्रोल रेशनवर गेलं तेव्हा आजोबांनी तिथे कोळशाच्या गॅसची भट्टी बसवली होती. गाडी धुराने काळी व्हायची, पण पुण्यापर्यंत जायची. त्या पट्ट्या आम्ही तशाच ठेवल्या. पुढे ज्यांनी गाडी घेतली त्यांनी त्यांचेच सर्वांत जास्त फोटो काढले.

इंजिन चालू करून पाहायचा मोह आवरा. याची बेअरिंगं व्हाइट मेटलची, म्हणजे मऊ मिश्रधातूची असतात आणि कनेक्टिंग रॉडना तेल शिंतोड्यांनी मिळतं. कोरड्या इंजिनाला स्टार्टर मारला तर एका मिनिटात हजारोंचं काम निघतं. आम्ही प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्या खेपेला हँडलने फिरवून पाहिलं. पाव फेरा अडलं, मग फिरलं. "इंजिन मोकळं आहे" हे खरेपणाने लिहिता आलं, तेवढं विकायला पुरे.

कागदांत वेळ गेला. पुस्तक आजोबांच्या नावावर, म्हणून आधी वारसाची नोंद: फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, आई आणि मावशीचं संमतिपत्र. गाडी संगणकावर नव्हतीच. जुन्या पुस्तकावरून बॅकलॉग एन्ट्री होईपर्यंत कार्यालयात पाच खेपा झाल्या आणि दोनदा चुकीचा कागद मागून मामांना परत पाठवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला उन्हात असं फिरवणं मला अजून बोचतं. प्रत्येक खेपेला काय मागितलं ते तारखेसह लिहून घ्या आणि मूळ पुस्तक हातातून सोडू नका.

२०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली, व्यावसायिक वापरात नसलेली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते. नवीन नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केले असतील तर ती यात बसत नाही. पूर्वी अशा कितीतरी गाड्यांना डिझेल इंजिनं बसवली गेली, म्हणून मूळ इंजिन असणं एवढं मोलाचं. आम्ही ही नोंदणी केली नाही, ते घेणाऱ्यावर सोडलं. संग्राहकांची भाषाही वेगळी असते. फीवा या जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वर्गवारीत 'विंटेज' १९३० ला संपतं आणि १९३१ ते १९४५ 'पोस्ट व्हिंटेज'. आम्ही जाहिरातीत सरळ लिहिलं: युद्धपूर्व, १९३७, शेवरोले मास्टर, चार दारी सेडान, इंजिन नंबर पुस्तकाशी जुळतो.

करसल्लागाराला आधीच विचारा. १९८३ ला वीस हजारांना घेतलेली १९३१ ची एक फोर्ड टूरर पुढे २१ लाखांना विकली गेली. ती 'वैयक्तिक वापराची वस्तू' म्हणून करमुक्त धरायला मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये नकार दिला, कारण ती खरोखर वापरल्याचा पुरावा नव्हता. आम्ही आजोबांचे गाडीतले फोटो आणि जुन्या पावत्या जपून ठेवल्या आहेत.

फोटो गंजाचेही टाका, तळाच्या भोकांचेही. पाहायला येणाऱ्याला एकटं सोडू नका. एकाने चाकांच्या टोप्या 'नमुना म्हणून' मागितल्या, मामा जवळजवळ देणारच होते. भाव पहिल्या दिवशी बोलू नका. आमच्याकडे चौघे आले. कोल्हापूरच्या एका दांपत्याने दोन तास गाडीखाली काढले आणि एकही पैसा पाडून मागितला नाही. मामांनी त्यांनाच दिली. रक्कम लिहू नको म्हणालेत, एवढं सांगते की किलोच्या भावाशी तिची तुलनाच होत नाही. पैसे बँकेत जमा झाल्यावरच मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, एकही रकाना कोरा ठेवला नाही. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ वेगळ्या कागदावर लिहून दोघांनी सही केली.

काढताना गोठ्याची भिंत हातभर पाडावी लागली. ब्रेक जाम होते, चारही ड्रम आदल्या दिवशी सोडवून ठेवले होते म्हणून गाडी हाताने ढकलत फ्लॅटबेडवर चढली. दोर एक्सलला बांधा, बंपरला नाही. मामा फाट्यापर्यंत ड्रायव्हरशेजारी बसून गेले. सुरूरला ट्रक थांबवून त्यांनी स्वतः चारही पट्टे ओढून पाहिले, एक सैल होता तो आवळून घेतला आणि मग उतरले.